शांताचं मत

शांताला जाऊन दीड महिना झाला. सकाळी चहा केला, अर्धा कप प्याली, भिंतीला टेकली ती तशीच. मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो. त्यात जास्त सांगण्यासारखं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. विट्याकडून लखनौला आलो तो सोनं गाळायला. चौकातल्या सराफांचं सोनं भट्टीत शुद्ध करून द्यायचं, हाच धंदा. लिहिणं माझं काम नव्हे, पण तिची एक गोष्ट सांगायची राहिलीय.

तिचं पहिलं मतदान. निघताना शिक्का कुठल्या चिन्हावर मारायचा ते मी सांगितलं. बाईचं मत वेगळं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. यादीत शांताची शांति देवी झालेली. शाळेतल्या केंद्रावर यादीवाला बाबू म्हणाला, "बहनजी, यहाँ तीन शांति देवी हैं. पति का नाम बोलिए." आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. ही गप्प. बाबू पुन्हा विचारतोय, मागच्या बायका हसतायत… शेवटी त्यानं तिला बाजूला केलं. ती तशीच परत आली. मी म्हणालो, "काय बुडलं? माझं दिलंय की. घरचं मत एकच." ती म्हणाली, "तुमचं ते तुमचं." दोन दिवस कामापुरतंच बोलली.

पुढच्या निवडणुकीला पुन्हा तोच प्रश्न. मी शेजारच्या पुरुषांच्या रांगेत. हिनं पदर सारखा केला आणि चक्क उखाणा घेतला, "भट्टीत घातल्यावर सोनं होतं लाल, हिंदुरावांचं नाव घेते, आता तरी शाई लावाल?" बाबू म्हणाला, "बहनजी, शेर बाद में, पहले नाम." ही म्हणाली, "नाम उसी में है, भैया."

घरी मी विचारलं, मत कुणाला दिलं? "चारचौघांत तुमचं नाव घेतलं, तेवढं बास. पुढचं माझं." मी ताट सरकवलं, जेवलो नाही. तिनं ते झाकून ठेवलं आणि झोपली. त्यानंतर दर निवडणुकीला विचारत राहिलो, आधी रागानं, मग थट्टेनं. नाही म्हणजे नाही.

तेराव्यानंतर यादीचं काम करणाऱ्या मास्तरीणबाई आल्या. "चाचा, चाची का नाम कटवाना होगा. यहाँ दस्तख़त." मी पेन घेतलंच नाही. कुठंतरी राहू दे नाव… म्हटलं, नंतर या. आठ दिवसांनी गल्लीतला एक पुढारी आला. चहा पिता पिता म्हणाला, "नाम है तो रहने दीजिए, चाचा. चाची का वोट हम डलवा देंगे. घर की ही तो बात है." हेच मी तिला सांगत आलो होतो. आता ते त्याच्या तोंडून ऐकलं. कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मीच शाळेत गेलो. मास्तरीणबाईंनी फॉर्म भरला, मी सही केली, वाकडीतिकडी. "उस दिन तो मना कर रहे थे," त्या म्हणाल्या. म्हटलं, "कोई और डाल देगा. उसका था."

तिचं मतदान कार्ड कुणी मागितलं नाही. ते ती गव्हाच्या डब्यात ठेवायची, माझ्या हाताला लागू नये म्हणून. आता दळण मीच नेतो. गहू उपसताना कार्ड दिसतं. वरून परत गहू ओततो.