न चाखता केलेली भाजी

आमच्या गावात दर हिवाळ्यात मारोतीसमोर रोडग्यांचं जेवण होतं. अकोल्याकडच्या माणसांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा, आत तेलाचं बोट फिरवून पदर केलेला आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. सोबत वांग्याची भाजी, जिच्यावर तेलाची लाल तर्री आलीच पाहिजे. रोडगा फोडायचा, तुपात बुडवायचा, भाजीत कुस्करायचा आणि मग बराच वेळ कोणाशी बोलायचं नाही. रांधायचं काम पुरुषांचं. बाया कणीक मळतात, वांगी चिरतात आणि चुलीजवळच्या पुरुषांना नावं ठेवतात.

ह्या जेवणाचा एक नियम आहे. मारोतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय भाजी चाखायची नाही. बोट लावून चाटायचंसुद्धा नाही. सगळं गाव जेवणार आणि मीठ बरोबर पडलं की नाही हे जिभेवर ठेवून कोणी पाहायचं नाही! वासावरून मीठ ठरवायचं काम माझ्या बाबांचं होतं. भाजीच्या मोठ्या पातेल्यावरचं, म्हणजे गंजावरचं, झाकण बाजूला सारून ते वाफेत तोंड धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून एक मूठ."

आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा घरी येऊन मी त्यांना ऐकवलं होतं, "बाबा, मिठाला वास नसतो. शास्त्र आहे."

"मिठाले नसते," ते म्हणाले. "भाजीले असते ना? मीठ पडलं का भाजीचा वास बदलते. तुह्या पुस्तकवाल्यानं कधी सत्तर किलो वांगे रांधले काय?"

नव्हते रांधले. पण भाजी दर वर्षी बरोबर व्हायची, त्यामुळे मी शास्त्राचा आग्रह सोडला.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते, तिथे हेडमास्तरांनाही जे आहे ते सांगते. काही जणांना ते खुपतं. खुपू दे. हा गुण मी बाबांकडून घेतला. मला कॉलेजात घातलं तेव्हा भाऊबंद ओट्यावर येऊन बसले होते, पोरीला एवढं शिकवून काय करतो म्हणून. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "चहा झाला ना? मंग निंगा आता."

असा माणूस काही लपवेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात बाबा एका मोठ्या तापातून उठले. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तर गॅसवर दूध करपत होतं आणि बाबा तिथेच, हातभर अंतरावर, शेंगा सोलत बसलेले. अख्ख्या घरात धूर. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"बाबा, वास नाही आला?"

"सर्दी हाय."

सर्दी नव्हती. मी कापूर नाकाशी धरला, लसूण ठेचून धरला, शेवटी रॉकेलची बाटली धरली. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले, शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखे. अकोल्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं, पण साफ सांगितलं की ह्या वयात वास परत येईलच असं नाही.

परतताना एस.टी.त बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बाई, हे गावात सांगू नको. रोडगे होऊन जाऊ दे."

"आणि भाजी?"

"अंदाजानं करीन. एवढे वर्सं केली."

"गावाचं जेवण आहे बाबा. अंदाज चुकला तर?"

मूर्तिजापूर गेल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी भाजी माह्या हाती नसली तं मी काय करू? पाहुण्यासारखा खुर्चीवर बसून राहू? वाढलं का खाऊ?"

माझं मन मात्र मानत नव्हतं. रोडगे भाजायचं काम आमच्या शेजारच्या काकांचं. ते आणि बाबा लहानपणापासूनचे जोडीदार. एकाच्या हाती निखारे, दुसऱ्याच्या हाती गंज, आणि दिवसभर एकमेकांची खोडी काढणं. मी ठरवलं की काकांच्या कानावर घालायचं. ते सांभाळून घेतील. घरी पोचल्यावर संध्याकाळी मी चपला घालत होते, तर माय दारात आडवी.

"कुठं चालली?"

मी सांगितलं. मला वाटलं, ती चमकेल. ती अजिबात चमकली नाही. तिला श्रावणापासून माहीत होतं! ती गुपचूप गॅसकडे लक्ष ठेवत होती, नासलेलं वरण त्यांच्या ताटात जाऊ देत नव्हती, आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

"माय, हे खोटं झालं," मी म्हणाले.

"खोटं काहून? मी कोणाले म्हटलं काय, का त्याईले वास येते म्हणून?"

"पण सांगितलं पण नाही."

"ते त्याईचं हाय सांगाचं. तू सांगशीन, मी सांगीन, मंग त्याईच्याजवळ काय राह्यते? माणसाले सोताहून बोलू द्यावं ना वं."

"आणि नाही बोलले तर?"

"नाही बोलले तं खारट खाऊ एक दिवस. मरत नाही कोणी."

मी चपला काढल्या. पटलं म्हणून नाही, ती दारातून हटत नव्हती म्हणून. खरं बोलणं हा गुण आहे हे मी मुलांना वर्गात शिकवते. दुसऱ्याचं खरं त्याच्या आधी आपण बोलू नये, हेही त्यातच येतं का, हा विचार मला आजवर करावाच लागला नव्हता.

पौषातल्या रविवारी रोडगे होते. मी आदल्या दिवशीच अमरावतीहून आले. सकाळपासून मारोतीच्या पारासमोर धूर, आम्ही बाया वांग्यांच्या ढिगाभोवती. बाबा धोतर खोचून गंजाशी उभे. तेल तापलं, मसाला पडला, चिरून झालेली वांगी पडली, सगळं नेहमीसारखं. हाताला सवय असते. काका निखाऱ्यांवरून ओरडत होते, "अबे, यंदा तरी तिखट कमी टाक. मागच्या खेपेले मारोतीच्या डोयाले पाणी आलं."

"तू रोडगे निखाऱ्यात जायू नको, तेवढं पाह्य," बाबा म्हणाले.

मग मिठाची वेळ आली. बाबांनी झाकण सारलं. वाफेत तोंड धरलं. डोळे मिटले. माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. मायने मान खाली घालून चिरणं चालू ठेवलं, पण तिचं वांगं भलतंच बारीक होत होतं. बाबा वाफेत फार वेळ उभे होते, नेहमीपेक्षा फार. चेहरा घामाने भिजला. मूठ मिठाच्या डब्यात होती आणि बाहेर येत नव्हती.

"काय बे, झोपला काय?" काका म्हणाले.

बाबांनी मूठ उघडून मीठ डब्यातच सोडलं आणि मागे सरले.

"मले वास येत नाही," ते म्हणाले. आवाज मोठा होता, शेतात हाक मारावी तसा. "पावसायापासून येत नाही. डॉक्टर म्हणते, येनार बी नाही. हे भाजी माह्यानं आता होत नाही. कोणीतरी पाहा."

निखाऱ्यात एक रोडगा फुटला तेवढाच आवाज. मला वाटलं, आता कोणीतरी 'अरेरे' म्हणेल आणि बाबा ते सहन करणार नाहीत.

काका चिमटा हातात घेऊन उठले, गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. गंजाजवळ आले. "पावसायापासून? अन् आता सांगतं? म्हनूनच मी म्हटलं, पोळ्याच्या दिवशी माह्या घरची करपून जयालेली पुरनपोळी वा वा करून कसा खाऊन राह्यला होता!"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. बाबाही.

"धर," काकांनी चिमटा त्यांच्या हातात दिला. "रोडग्याले नाक नाही लागत. डोये लागतात, अन् टिचकी मारली का कान लागते. वाजला तं झाला. भाजी मी पाहतो."

"तुले जमन काय?"

"तुले जमली, मंग कोणालेबी जमन."

बाबा निखाऱ्यांपाशी जाऊन बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर, राखेत. एकेक रोडगा काढायचे, कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे, बाजूला ठेवायचे किंवा परत आत ढकलायचे. काकांनी वाफेत तोंड धरलं, खोकले, मीठ टाकलं, परत वास घेतला, परत टाकलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काहीच समजत नाही वं बाई. हा इतके वर्सं काय हुंगत होता?"

नैवेद्य झाला, पंगत बसली. बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहत होती.

"खारट केली लेका."

"तुले कसं कयलं? तुले तं वास येत नाही."

"जीभ हाय ना शाबूत! खारट, तिखट सगळं समजते. एक मूठ जास्त पडली. पुढल्या वर्षी दोन मुठी टाक, अन् मंग थांब. तू थांबत नाही, हेच तुह्यं चुकते."

भाजी खरंच खारट झाली होती. लोकांनी रोडगे जास्त खाल्ले, पाण्याची टाकी दोनदा भरली, आणि काकांनी उरलेली दुपार आपण दोनच मुठी टाकल्या होत्या हे शपथेवर सांगण्यात घालवली.

माय बायांच्या पंगतीत माझ्या शेजारी जेवत होती. मी म्हणाले, "बरं झालं, सांगितलं त्यांनी."

"जेव," ती म्हणाली. पण तिने माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचं तूप ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला निघाले. बाबा मूर्तिजापूरच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. तिथे एक मुलगी संत्र्यांची टोपली घेऊन बसली होती. तिने एक संत्रं फोडून बाबांच्या समोर धरलं, "वास पाहा बाबाजी, कसा सुटला."

"मले वास येत नाही, माय," बाबा म्हणाले, जसं कोणी सांगावं की मी उद्या अकोल्याला जाणार आहे. "फोड दे. खाऊन पाहतो."

तिने फोड दिली. त्यांनी सावकाश चावली.

"गोड हाय," ते म्हणाले. "बाईले दोन किलो बांधून दे."