हाळगुड्ड्याचं पाणी

बिदरजवळ, नौबादच्या पलीकडं आमची एक टेकडी होती. आमची म्हणजे कागदावर नव्हे. अप्पा रोज जायचे म्हणून आमची. गच्च झाडी, पायथ्याशी जुनी विहीर, आणि विहिरीच्या कडेला गुरांना पाणी प्यायला एकाच दगडातून कोरलेली लांब डोणी. आमच्याकडं तिला हाळ म्हणतात. गुरं त्या वाटेनं यायची बंद होऊन जमाना झाला होता, पण हाळावरून टेकडीला पडलेलं नाव टिकलं, हाळगुड्डा. गुड्डा म्हणजे टेकडी, हे कन्नड. आमचं बोलणंच असं, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. बिदरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. रोज सकाळी विहिरीतून पाणी शेंदून ते हाळ भरायचे आणि सीताफळीच्या झुडपाआड बसायचे. मुलींच्या शाळेत शिकवायला जायच्या आधी मीही सोबत जाई. बुलबुल यायचे, होले यायचे, तित्तर पिलं घेऊन लगबगीनं यायचे. पण अप्पांचा जीव एकाच पाखरात. पांढरंशुभ्र, डोकं काळं, शेपटीला दोन लांब फिती. ते पळसाच्या फांदीवरून सूर मारायचं, पाण्याला अंग लावायचं आणि परत फांदीवर. अप्पा त्याला शेलेवाला म्हणायचे. तो दिसला की माझं मनगट आवळायचे, आणि त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला हात सोडून कापड मोजायचे.

आई करवादायची, "पाखरं बघत बसायलाव, दुकान कोण उघडायचं? हाळागि होग ते पाखरू!" आईचं माहेर कन्नड, राग आला की तिला कन्नडच सुचे. हाळागि होग म्हणजे वाटोळं होवो. आईचा हाळ आणि अप्पांचा हाळ, दोन्ही शब्द रोज आमच्या घरात फिरायचे. शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत.

निजामशाही गेली, नवे अंमलदार आले, त्यांच्यासाठी घरं बांधायची बोलणी सुरू झाली. एका सकाळी मोजणीदार टेकडीवर आला. कन्नड मुलखातला, सभ्य माणूस. अप्पांनी त्याला प्यायला पाणी दिलं. त्यानं टेकडीचं नाव विचारलं. "हाळगुड्डा," अप्पा मोठ्या ऐटीत म्हणाले. तो हसला. अप्पाही हसले.

उन्हाळ्यात खुंट्या ठोकल्या गेल्या. अप्पांनी त्याच माणसाला गाठलं. "एवढा उघडा माळ पडलाय, हीच टेकडी कामून?"

तो गोंधळला. "अण्णा, तुम्हीच सांगितलं की. हाळु गुड्डा. ओसाड जागा."

अप्पांनी हात धरून त्याला डोणीपाशी नेलं. "ह्याला हाळ म्हणतेत साहेब, ह्याला!" त्यानं डोणी पाहिली, पाण्यावरची पाखरं पाहिली, त्याचा चेहरा उतरला. "लिहून बघतो, पण आता वर मंजूर झालंय," म्हणाला. लिहिलंही असेल बिचाऱ्यानं. काही झालं नाही.

नाव काहीही असतं तरी टेकडी गेलीच असती. त्यांना गावाजवळ जागा पाहिजे होती, ती त्यांनी घेतली. हे मी अप्पांना सांगून सांगून थकले. ते ऐकतील तर शपथ! "माझ्या तोंडानं सांगितलो मी," एवढंच म्हणायचे. आईनं मात्र हाळागि होग हा शब्दच सोडला. रागाच्या भरात जिभेवर यायचा आणि ती ओठ मिटून घ्यायची.

पळस तोडला, सीताफळी गेल्या. अप्पा तरी हाळ भरायला जातच राहिले. गवंडी खूश, आयतं पाणी मिळायलंय! मला इतका राग यायचा, पण भांडायचं कुणाशी? ते पोटासाठीच आलेले.

मग एका सकाळी आम्ही गेलो तर गवंड्यांनी हाळातच चुना विझवायला टाकलेला. पाणी पांढरंफेक, वर वाफा, बोट घातलं तर भाजेल असं. अप्पा घागर घेऊन नुसते उभे राहिले. तेवढ्यात शेलेवाला आला. कितीतरी दिवसांनी आला होता. बसायला फांदी नव्हती, म्हणून बांधकामाच्या बांबूवर बसला आणि सूर मारायला खाली वाकला.

अप्पांनी ढेकूळ उचललं आणि त्याच्यावर भिरकावलं. जन्मात कुत्र्याला हाड न म्हटलेला माणूस. "जा की! कामून आलास? हाळागि होग!" आईचाच शब्द, आईच्याच सुरात. ते दुसरं ढेकूळ शोधायले होते तोवर पाखरू माळावरून लांब निघून गेलं.

अप्पा तिथंच मटकन बसले. त्यांना उठवून मी घरी आणलं. घागर तिकडंच राहिली. ती आणायला पुन्हा आमच्यातलं कुणी गेलं नाही.