जिरेनियमच्या काड्या

आमच्या घरात अजून सांगतात की त्या वर्षी जिरेनियमच्या काड्या सुनेच्या हातामुळे गेल्या. खोटं आहे ते. त्या मी कुजवल्या.

आमच्या भिवंडीच्या पावसात जिरेनियम टिकत नाही. म्हणून आधीच शेंडे खुडून रेतीत लावायचे आणि नवी झाडं धरायची. पडघ्याच्या नर्सरीतून पहिलं झाड सुनेनेच हौसेने आणलं होतं. काड्याही तिनेच लावल्या. ओल टिकावी म्हणून मी लूमवरून सुताचं वेस्ट, म्हणजे तुटक्या धाग्यांचा गुंता, आणलं आणि तिला न विचारता प्रत्येक काडीच्या बुडाशी रेतीखाली दाबून भरलं. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला कांजी असते, हे मला कोणी सांगायला नको होतं. जन्म त्यातच गेला. पण ती कुंडीत आंबेल हे डोक्यातच आलं नाही.

एका सकाळी आंबूस वास आला. रेती उकरून बघितलं तर वेस्टवर पांढरी बुरशी, काड्या बुडाशी काळ्या. बायको उठायच्या आत मी वेस्ट काढून फेकून दिलं.

बायकोने काड्या बघितल्या आणि थेट सुनेला म्हणाली, "शिवायचं नसतं त्या दिसांत पानी घातलंस ना? आता बघ."

"आई, पाणी नसतं घातलं तर वाळल्या असत्या."

"मंग, आता वाचल्या काय?"

मी पेपर वाचत होतो. वाचत कसला, धरून बसलो होतो.

पुढल्या वर्षी झाड मीच आणलं. काड्या नुसत्या रेतीत लावल्या. सगळ्या फुटल्या. एक कुंडी उचलून मी स्वयंपाकघरात नेली. सून बोंबील साफ करत होती.

"बघ," मी बायकोला म्हटलं, "कशा धरल्या!"

"धरनारच. अवंदा हिचा हात लागला न्हाय."

सुनेने मान वर केली नाही. वेस्टचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण एवढी वर्षं लूमवर काढून कांजी आंबते हे कळलं नाही म्हणून बायको हसेल, या भीतीने गिळलं. वेस्टशिवाय काड्या धरतात हा माझाच पुरावा सुनेवर उलटू देऊन मी कुंडी परत गॅलरीत ठेवली. त्यानंतर सून गॅलरीत फक्त कपडे वाळत घालायला गेली.

परवा दोघींना बसवून सगळं सांगितलं. बायको म्हणते, "वेस्टचं निमित्त झालं. हात तो हातच." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

सुनेने एवढंच विचारलं, "बाबा, हे तेव्हा का नाही बोललात?"

नुकतीच खुडलेली काडी मी तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.