पत्र्याचा डबा

डोंगरावरच्या त्या अभयारण्यात तिला सगळे कर्कशा म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती होती कोणाची? पायवाटांवर पहारा देणं हे तिचं काम. गळ्यात पत्र्याचा रिकामा डबा, हातात दांडकं. कोल्हा असो की हरीण, माणसाजवळ आलं रे आलं की ही डबा बडवत, शिव्या घालत त्याच्या अंगावर धावून जायची. दम लागेपर्यंत चढून आलेल्या पर्यटकांचा मग तिळपापड व्हायचा. भलामोठा कॅमेरा लावून बसलेल्या एका गृहस्थांनी तर सुनावलंच, "बाई, मुक्या जनावरांवर जरा प्रेम करा!"

"करते म्हणून तर हाकलते," ती म्हणाली, आणि त्यांच्या कानाशी डबा आणखी दोनदा बडवला.

तिचं म्हणणं सरळ होतं. रानातल्या जनावराला माणसाची भीती वाटलीच पाहिजे. भीती मेली की ते तंबूत शिरतं, माणसं बोंब मारतात आणि शिक्षा होते जनावराला. या वर्षी तेच झालं. एका अस्वलिणीनं तंबू फाडून आतला पाव खाल्ला. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही, पण मोठ्या साहेबांनी बजावलं, "पुन्हा वस्तीजवळ दिसली की पकडायची. उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात."

कर्कशा पिसाळली. या अस्वलिणीला चटक लावली कोणी? दिसेल त्या पर्यटकाची सॅक ती उपसायला लागली. बिस्किटाचा पुडा हातात दिसला की तोंडाचा पट्टा सुरू.

एका दुपारी पाणी भरायला ती विश्रामगृहाच्या मागच्या बाजूनं आली. तिथला आचारी म्हणजे तिचा नवरा. सगळ्या जगाला आग्रह करकरून वाढणारा भोळा माणूस. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शीळ घालत होता. हातात उरल्यासुरल्या पावाचं ताट. आणि सरपणाच्या ढिगाआडून अस्वलीण डुलत डुलत येत होती, जशी काही माहेरी आली होती.

"सावकाश खा गं," तो म्हणाला.

कर्कशेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच ठोक्याला अस्वलीण झुडपात पळाली.

"तुम्ही? माझ्याच घरात हा उद्योग? आणि मी लोकांच्या पिशव्या उपसतेय!"

"अगं, खिडकीतून दिसते, लोक खूश होतात. आणि आता तिलाही माझा लळा लागलाय."

"लळा! त्या लळ्यापायीच ती गजांआड सडणार आहे. मग घालताय तिथं जाऊन शीळ?"

ती आणखी खूप बोलली असती, पण तिची नजर झुडपाकडे गेली. अस्वलीण लांब गेलीच नव्हती. तिथूनच दाराकडे बघत होती, ही भांडखोर बाई कधी जाते याची वाट बघत. कर्कशेला तर ती आधीपासूनच घाबरत होती. त्याचा काही उपयोग नव्हता.

तिनं डबा गळ्यातून काढला आणि दांडक्यासकट नवऱ्याच्या हातात कोंबला.

"शीळ घाला."

"मी? नको गं. ती माझ्यावर विश्वास..."

"म्हणूनच तुम्ही. मी आत जाते. येऊ दे जवळ. मग बडवा, दगड मारा, तोंडाला येईल ते बोला."

ती दाराआड गेली. त्यानं शीळ घातली, फुटकीच. अस्वलीण आली, नेहमीच्या जागी बसली आणि मान वर करून त्याच्याकडे बघू लागली. त्यानं दांडकं उचललं आणि पुन्हा खाली घेतलं. दाराआड कर्कशेनं दात-ओठ खाल्ले.

मग डबा वाजला. तो ओरडत सुटला, ज्या शिव्या त्यानं जन्मात कोणाला दिल्या नव्हत्या त्या देत. पहिला दगड चुकला. दुसरा तिच्या खांद्यावर बसला. अस्वलीण धडपडत उठली, एकदा वळून त्याच्याकडे बघितलं आणि चढावर पळत सुटली.

आचाऱ्याच्या हातातलं दांडकं गळून पडलं. त्यानं तोंडावर हात घेतले.

"रडायचं तर आत येऊन रडा," कर्कशा दाराआडून करवादली. तिचाही आवाज फुटला होता. "अजून वरून बघतेय ती."