दातामागचा उजेड

सोनईला माझा दवाखाना बाजारपेठेच्या मागच्या बोळात होता. एक खोली, पायाने फिरवायचं दात कोरायचं यंत्र आणि खिडकीला जाड काळा पडदा. त्या पडद्यावरून गावात बरीच बोलवा होती. आधीच दातांची डॉक्टर बाई, वयाने लहान, लग्न न झालेली. त्यात ती अंधार करून लोकांच्या तोंडात काहीतरी पाहते म्हणे.

पाहत होते ते एवढंच. मुंबईला शिकत असताना एका सरांनी मला काचेची वाकडी कांडी दिली होती. तिच्या एका टोकाला बॅटरीवरचा छोटा दिवा, दुसरं टोक दाताला टेकवायचं. निरोगी दात आतून उजळतो, तांबूस-पिवळा, सगळीकडे सारखा. कीड असेल तिथे उजेड अडतो आणि काळी सावली दिसते. दोन दातांच्या फटीत लपलेली कीडही अशी सापडायची. एक्स-रे काढायचा तर नगर गाठावं लागे.

दुष्काळाचा उन्हाळा होता. चूळ भरायला मी पेशंटला अर्धा पेला पाणी द्यायचे. एका दुपारी एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. सून चाळिशीची, शेतात राबलेली, अंगाने धडधाकट. पण पदर तोंडावर घट्ट ओढलेला, आणि सगळं बोलणं सासूच करत होती.

"डॉक्टरीनबाई, हिची डावी दाढ लई दुखती. काढून टाका."

मी पडदा ओढला, कांडी लावली. खालच्या सगळ्या दाढा उजळल्या. एकीतही सावली नव्हती. वरच्याही तशाच.

"मावशी, दाढ चांगली आहे तुमची. चांगली दाढ मी काढणार नाही."

सुनेने पदर पुन्हा तोंडावर ओढला. माझ्याकडे नुसतं पाहिलं. खोटं ठरवलं गेलेलं माणूस पाहतं तसं.

पावसाळ्याच्या तोंडी दोघी परत आल्या. सुनेने पदराची गाठ सोडून माझ्या हातावर दाढा ठेवल्या. आठवडी बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडून तिने एकेक करून उपटून घेतल्या होत्या. एक काढली की दुखणं शेजारच्या दाढेत जायचं.

मी पुन्हा अंधार केला आणि त्या सुट्या दाढांना एकेक करून उजेड लावला. का केलं ते सांगता येत नाही. माझंच काही चुकलं होतं का, हे कदाचित मला बघायचं होतं. चिमट्यात धरलेली प्रत्येक दाढ आतून स्वच्छ उजळली. मेलेले दात, आणि दिव्यासारखे. म्हातारी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

"गावात म्हन्त्यात, हिच्या तोंडात कायतरी बसलंय," ती हळूच म्हणाली. "देवरुषी झाला, अंगारा झाला."

"दुखतं कसं, मावशी? तुम्ही सांगा."

सून पहिल्यांदा बोलायला लागली. "वाऱ्याची झुळूक जरी लागली न्हवं गालाला, तरी..."

तेवढ्यात दार ढकलून कुणीतरी आत डोकावलं आणि मागे फिरलं. बाहेरचा वारा तिच्या गालावर आला आणि शब्द अर्ध्यावर तुटला. ती दगडासारखी थिजली. तोंड अर्धवट उघडं, डाव्या डोळ्यातून पाणी, हात गालाजवळ गेलेला पण गालाला न टेकलेला. आवाज नाही. म्हातारी पुटपुटली, "आलं बगा. आलं."

मी शिकलेली, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. त्या खोलीत चौथं कुणीतरी आहे असं मलाही वाटलं. मग ते गेलं, जसं आलं तसं. ती घामाने भिजली होती.

तो न टेकलेला हात पाहून मला कॉलेजातलं एक व्याख्यान आठवलं. चेहऱ्याची एक शीर, म्हणजे मज्जातंतू, असते. ती बिघडली की दात दुखतो असं वाटतं, आणि दाताचा त्यात काही दोष नसतो. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी दोघींना एसटीने नगरला नेलं. सून वाटभर खिडकीकडे पाठ करून बसली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गालाला कापूस लावून पाहिला आणि म्हणाले, शीरच आहे. गोळ्या पुण्याहून मागवाव्या लागल्या.

गोळ्यांनी गुण आला. आठवड्याभरात ती भाकरी चावून खाऊ लागली. पण मला भेटली तेव्हा चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"ते गेलं का, बाई? का नुसतं गप बसलंय?"

"गप बसलंय," मी म्हणाले. खोटं बोलवलं नाही.

त्यानंतर दर थोड्या दिवसांनी ती बाजाराला आली की दवाखान्यात डोकवायची. काही दुखत नसे. "येकदा उजेड टाका," म्हणायची. मी पडदा ओढायचे, उरलेले दात उजळवायचे, स्वच्छ आहेत म्हणायचे. ती मान हलवून जायची. कधी बोलता बोलता मध्येच थांबायची, कान दिल्यासारखी. मग मीही थांबायचे. काही यायचं नाही, पण दार नीट लागलंय का ते मी बघून घ्यायचे.

दोन हिवाळे असे गेले. मग एकदा उजवीकडच्या दोन दाढांच्या फटीत मला सावली दिसली. लहान, काळी, उजेडाला अडवून बसलेली. मी कांडी हलवून पुन्हा पाहिलं.

"मावशी, इथे कीड आहे."

ती खुर्चीत ताठ बसली. "दिसली तुमाला?"

"स्पष्ट दिसतेय."

"मला बी दाखवा."

मी हातातला आरसा धरला. तिने बराच वेळ निरखून पाहिलं आणि हसली. इतक्या दिवसांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. गेलेल्या दाढांची जागा उघडी पडली, तिला त्याचं काही वाटलं नाही.

"मंजी हे खरंखुरं हाय," ती म्हणाली. "भरा, भरा. दुखलं तरी चालंल."

मी कीड कोरली, चांदी भरली. दुखलं असणार, तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. जाताना दारात वारा होता. ती थबकली, पदर गालावर ओढला आणि बाजाराच्या गर्दीत गेली.