खाली गंधार

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांना बोलता येत नव्हतं, पण गाता येत होतं. पाणी मागायला जीभ वळायची नाही, आणि मी पेटीवर सा धरला की अख्खी भूपाळी शब्दांसकट बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, रोज गाऊन घ्या, कदाचित त्याच वाटेनं बोलणं परत येईल. म्हणून शाळेला निघण्याआधी अर्धा तास आम्ही दोघं बसायचो. दिवसातून तेवढाच वेळ मला माझे वडील पूर्वीसारखे भेटायचे.

पेटी मला त्यांनीच शिकवली. कचेरी सांभाळून ते गुरुवारच्या भजनात गायचे आणि मी साथीला असायचे. त्यांचा दंडक एकच, अंगठ्याखालचा सा हलता कामा नये. एकदा हलला तेव्हा चारचौघांत ओरडले होते, "सा सोडलास तर मी उभा कुठं राहू गं?" मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

मी बिडकीनच्या रस्त्यावरच्या एका शाळेत संगीत शिकवते. यंदा संस्थेला मुलांचं समूहगान हवं होतं, पियानोच्या साथीवर. "जमत नसेल तर सांगा मॅडम, दुसरं कुणी बघू," हे संस्थेच्या लोकांनी इतक्या गोडीनं सांगितलं की माझं डोकं सणकलं. पण घर माझ्याच नोकरीवर चालतं. अडला हरी! छावणीतल्या एका म्हाताऱ्या सरांकडे पियानो शिकायला जायला लागले. त्यांनी चर्चमध्ये आयुष्यभर ऑर्गन वाजवला होता.

तीन सूर एकदम दाबायचे, त्याला ते कॉर्ड म्हणायचे. कॉर्ड कुठलाही असो, माझा डावा हात खाली दर वेळी सावरच जाऊन बसायचा. सर वैतागायचे. "पुन्हा सा? बाई, जिना चढताना दर पायरीवर बूड टेकवतीस तू. सूर तेच ठेव, सा-ग-प. फक्त खाली ग घे, म्हंजी गाणं चालत राहतं. अन् पंचमाचा कॉर्ड आला की खाली नि. तो नि आपसूक सावर जातो, उडी मारायची गरजच नाय."

ऐकायला सोपं होतं. पण खाली गंधार आला की माझं बोट सा शोधायला परत वळायचं. मी चिडून रोज तासभर तेवढंच घोटत बसायचे, खाली सा, मग नि, परत सा, मग ग. महिन्याभरानं सर म्हणाले, "व्हय, आता सुटला हात." मला लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

नडलं ते असं. झटक्यानंतर वडिलांची गायची पट्टी उतरून पांढरी एकवर आली होती, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर त्यांचा सा, आणि सर मला सगळं पांढरी एकवरच शिकवत होते. पट्ट्या त्याच, फक्त पियानोवर जे डावा हात करायचा ते पेटीवर अंगठ्याकडे आलं. एका सकाळी वडील रेवरून सावर यायला लागले, तेव्हा माझा अंगठा आपोआप खालच्या नीवर गेला आणि तिथून सा ओलांडून गवर. मला तर गोड वाटलं. वडील मात्र थांबले. तोंड उघडंच राहिलं, नजर भिरभिरली, आणि सुरापाठोपाठ शब्दही गेले. मी घाईघाईनं सा दाबला, "बाबा, हा बघा, इथंच आहे," म्हणाले. त्यांच्या घशातून नुसता हवेचा आवाज आला. त्या दिवसापासून त्यांचं गाणंही बंद झालं.

डॉक्टर म्हणतात, तुमच्यामुळे नाही, असं होतं कधी कधी. मला ते पटत नाही.

समूहगान छान झालं. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी तिथं हसत उभी होते. घरी मी अजून रोज सकाळी नुसता सा धरून बसते. ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, अंगठ्याकडे बघतात. काल त्यांनी धडधाकट डावा हात पुढं केला आणि माझा अंगठा सावर घट्ट दाबून धरला. मला वाटलं, आता गातील. गायले नाहीत, पण अंगठाही सोडेनात. शाळेची वेळ टळून गेली तरी मी भाता हलवत राहिले.