नऊशे नव्व्याण्णव दिवस अपघात नाही

त्या खुर्च्यांच्या कारखान्यात बोटाला चिंधी नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. पण फाटकावरची पाटी काय म्हणत होती? ‘नऊशे नव्व्याण्णव दिवस अपघात नाही!’ ही सगळी करामत नोंदकाकांची.

अपघाताची वही त्यांच्या ताब्यात. नियम असा, की माणसानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेली इजा अपघातात धरायची नाही. आणि काकांच्या वहीत, खरं सांगतो, दुसऱ्या जातीची इजाच नव्हती! पण मोघम लिहिणं त्यांना खपत नसे. करवतीत बोट गेलं, तर लिहायचे ‘पायावर धोंडा’, कारण अक्कल कमी पडली. पॉलिशवाली मावशी कोसळत्या फळ्या सावरायला धावली आणि खांदा मोडून बसली, ते ‘विकतचं दुखणं’. बोलावलं होतं का तिला कुणी? मेस्त्री शिडीवरून पडला, ती ‘बसल्या फांदीवर कुऱ्हाड’. शिडी डुगडुगते म्हणून तीनदा ओरडला, अन् पुन्हा तिच्यावरच चढला. तेव्हापासून तो लंगडतो. शिडी मात्र होती तिथंच राहिली.

हजारावा दिवस उजाडला. चार वाजता मालक येणार, काकांचा सत्कार करणार. तीस वर्षांत त्यांना कुणी साधं ‘वा’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे काका सकाळपासून हवेत. पाटीवरचा आकडा आपल्याच हातानं बदलायचा म्हणून साडेतीनला ते शिडीवर चढले, आणि धाडकन खाली आले.

‘‘अगं आई गं! मेलो!’’

पाय गुडघ्याखाली मोडला होता. गाडी येईपर्यंत त्यांना बाकावर निजवलं. मेस्त्रीनं वही उघडली.

‘‘काका, काय लिहू? धोंडा की फांदी?’’

‘‘गाढवा, शिडी डुगडुगते ती!’’

‘‘मीही तेच म्हणत होतो,’’ मेस्त्री हळूच म्हणाला.

काका ओशाळले. ‘धोंडा’ लिहिलं की हजार शाबूत, सत्कार पक्का. फक्त स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायचं, आणि शिडी तशीच उभी ठेवायची. त्यांनी मेस्त्रीच्या पायाकडे पाहिलं.

‘‘शिडी लिही,’’ ते म्हणाले. ‘‘आणि मागची पानं काढ. तुझी फांदी खोड.’’

‘‘माझं विकतचं दुखणंही खोडा मग!’’ मावशी कडाडली. ‘‘फळ्यांचा टेकू कुजका होता!’’

बघता बघता रांग लागली. जो तो चिंधी सोडून दाखवू लागला. काका कण्हत कण्हत सांगत होते, मेस्त्री खोडत होता. शेवटी कुणीतरी पाटी खाली उतरवून तिच्यावर भलंमोठं शून्य काढलं.

चारच्या ठोक्याला मालक फुलांचा गुच्छ घेऊन आले. पाटी पाहून तिथंच थबकले.

‘‘अहो, हे काय केलंत? हा तर तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात!’’

‘‘हो साहेब,’’ काका म्हणाले. ‘‘मेस्त्री, हे मात्र लिही. एवढी एकच नोंद खरी आहे.’’